दोन वाऱ्यांच्या सीमेवर

(पावसाळ्याच्या तोंडावर रबाळे येथे कार्यकर्ते व त्यांच्या कुटुंबीयांसमोर झालेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन.)



रबाळ्यात उभे राहून पूर्वेकडे पाहिले की पारसिकचा डोंगर दिसतो. पश्चिमेकडे वस्ती संपते तेथे खारफुटी सुरू होते आणि तिच्यापलीकडे ठाण्याची खाडी पसरलेली आहे. डोंगर आणि खाडी यांच्यामधल्या या चिंचोळ्या पट्टीत ठाणे-बेलापूर रस्ता आहे, २००४ साली प्रवाशांसाठी खुला झालेला लोहमार्ग आहे, औद्योगिक वसाहतीतील कारखाने आहेत, पिढ्यान्‌पिढ्यांची आगरी-कोळी गावे आहेत आणि पोटासाठी देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या श्रमिकांच्या वस्त्याही आहेत. डोंगरावर पडलेला पाऊस खाडीला भेटायला निघतो, तेव्हा त्याची वाट या साऱ्यांच्या दारावरूनच जाते. म्हणूनच आभाळात काय घडते, हा विषय येथील माणसाला केवळ कुतूहलाचा नाही. तो त्याच्या उंबरठ्याचा विषय आहे.

२६ जुलै २००५ हा मंगळवार कोणाला आठवत नाही? सूर्य तेव्हा पुष्य नक्षत्रात होता. आपल्या शेतकऱ्यांनी पुनर्वसूच्या पावसाला 'तरणा' आणि पुष्याच्या पावसाला 'म्हातारा' अशी नावे दिली आहेत. त्या दिवशी या म्हाताऱ्याने जे रूप दाखविले, ते तरण्यांनीही कधी दाखविले नव्हते. सांताक्रूझच्या वेधशाळेत २७ जुलैच्या सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. जुलै महिन्याच्या तीस-एकतीस दिवसांत सरासरीने जेवढा पडावा, त्याहून अधिक पाऊस एका दिवसात पडला, आणि त्यातलाही फार मोठा वाटा दुपारी अडीच ते रात्री साडेआठ या सहा तासांतला होता. आश्चर्य असे की, तेथून पंचवीसएक किलोमीटरवर असलेल्या कुलाब्याच्या वेधशाळेत त्याच चोवीस तासांत केवळ ७३ मिलिमीटर पाऊस झाला. एकाच नगरीच्या एका टोकाला प्रलय आणि दुसऱ्या टोकाला श्रावणातल्यासारखी सर, असे ते दृश्य होते.

हे आकडे डोक्यात ठसावेत म्हणून एक साधा हिशेब करू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तीनशे चौरस फुटांच्या, म्हणजे सुमारे अठ्ठावीस चौरस मीटरच्या छोट्या घराच्या छपरावर त्या दिवशी २६ हजार लिटरहून अधिक पाणी ओतले गेले. दहा हजार लिटरचे अडीच टँकर एका झोपडीवर रिकामे करावेत तसे ते होते! एका चौरस किलोमीटरवर तेच पाणी ९४ कोटी लिटर होते.

मिठी नदीने आपली हिरावलेली जागा परत मागितली, लोहमार्ग बुडाले, माणसे मोटारींत गुदमरली. तिकडे रायगड जिल्ह्यात महाड तालुक्यातील जुई, दासगाव, कोंडिवते, रोहन या गावांवर डोंगर खचले. महाराष्ट्रात त्या अतिवृष्टीने हजारावर माणसांचे प्राण घेतले. त्या रात्री छातीएवढ्या पाण्यात उतरणाऱ्यांत स्वयंसेवक होते, तरुण मंडळांची मुले होती, कोळीवाड्यांतले नाखवा होते आणि कोणत्याही संस्थेचे नाव न लावणारे असंख्य सामान्य नागरिक होते. अनोळखी वाटसरूंसाठी घरांची दारे उघडली गेली, चुली रात्रभर पेटत्या राहिल्या. समाजपुरुष जागा होतो म्हणजे काय, याचे ते दर्शन होते. परंतु त्या दर्शनाने भारावून जाताना एक प्रश्न मात्र मागे राहून गेला. आपली सेवा नेहमी आपत्तीच्या पाठोपाठच का निघावी? ती आपत्तीच्या आधी पोहोचू शकणार नाही का? या प्रश्नाचे उत्तर आभाळाच्या शास्त्रात दडलेले आहे, आणि ते समजून घेणे मुळीच अवघड नाही.

वाऱ्यालाही संस्कार असतात

आपण 'हवा' हा शब्द एकवचनी वापरतो, पण पृथ्वीभोवतीची हवा एकजिनसी नाही. शेकडो-हजारो किलोमीटर पसरलेला हवेचा एखादा साठा दीर्घकाळ एकाच भूप्रदेशावर किंवा सागरावर ठाण मांडून बसला, की त्या प्रदेशाचे गुण तो उचलतो. माणूस ज्या घरात वाढतो त्या घराचे संस्कार घेतो, तसेच हे. सैबेरियाच्या हिमावर बसलेली हवा थंड व कोरडी होते. राजस्थानच्या वाळवंटावरची हवा उन्हाळ्यात तप्त व शुष्क होते. अरबी समुद्रावरून प्रवास करून आलेली हवा उबदार आणि बाष्पाने ओथंबलेली असते. अशा समान गुणांच्या हवेच्या विशाल साठ्याला भूगोलाच्या भाषेत 'वायुराशी' म्हणतात.

दोन भिन्न गुणांच्या वायुराशी समोरासमोर आल्या, तर त्या पाण्यात साखर विरघळावी तशा चटकन एकमेकींत मिसळत नाहीत. थंड हवा जड असते, ती नांगराच्या फाळासारखी जमिनीलगत घुसते. उबदार, दमट हवा हलकी असते, ती त्या फाळावरून वर उचलली जाते. ज्या सीमेवर ही झटापट चालते, तिला 'आघाडी' हे नाव आहे. थंड हवा चाल करून येत असेल तर ती शीत आघाडी, उबदार हवा सरसावत असेल तर ती उष्ण आघाडी.

वर उचललेल्या हवेचे काय होते? उंचावर दाब कमी असतो, म्हणून ती पसरते. पसरली की थंड होते. कोरडी हवा दर किलोमीटर उंचीला सुमारे दहा अंशांनी निवते. निवलेल्या हवेला बाष्प धरून ठेवता येत नाही. त्याचे थेंब बनतात आणि ढग जन्माला येतो. पण खरी मेख पुढे आहे. चुलीवर पाण्याची वाफ करायला उष्णता खर्ची घालावी लागते, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. वाफेचे पुन्हा पाणी होताना तीच उष्णता परत मिळते. एका ग्रॅम बाष्पामागे ती सहाशे कॅलरींच्या घरात असते. समुद्रावर सूर्याने जी उष्णता बाष्पात साठविली, ती ढगाच्या पोटात मोकळी होते. त्यामुळे हवा आणखी उबदार, आणखी हलकी होते आणि आणखी वर झेपावते. खालून बाष्पाचा पुरवठा चालू आहे तोवर ही भट्टी स्वतःच स्वतःला फुंकर घालीत राहते. वादळी ढग दहा-पंधरा किलोमीटर उंचीचे मनोरे उभारतात ते या बळावर.

म्हणजे उग्र हवामानाला तीन गोष्टी लागतात. भरपूर बाष्प हवे, वर जाऊ पाहणारी अस्थिर हवा हवी आणि तिला पहिला धक्का देणारी एखादी सीमा हवी. ही सीमा दोन वायुराशींची असेल, समुद्रवारा आणि भूमीवरचा वारा यांची असेल किंवा सह्याद्रीसारख्या पर्वताच्या भिंतीचीही असेल.

नॉर्वेचे कोळी आणि 'आघाडी'चा शोध

'आघाडी' हा युद्धाच्या परिभाषेतला शब्द हवामानात आला कसा? या शब्दाची कथा आपल्या कोकणाने कान देऊन ऐकावी अशी आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात नॉर्वे हा छोटा देश तटस्थ होता. परंतु युद्धामुळे शेजारी राष्ट्रांकडून येणारी हवामानाची वार्ता बंद झाली. आभाळ कोठून काय घेऊन येते, हे कळेनासे झाले. अन्नधान्याची टंचाई होती, मासेमारीवर आणि शेतीवर जगणाऱ्या लोकांना अंदाजाची निकड होती. बर्गन या बंदराच्या गावी विल्हेल्म ब्यर्कनेस या शास्त्रज्ञाने १९१८ च्या सुमारास एक निर्णय घेतला. बाहेरून वार्ता येत नाही ना? मग आपल्याच किनाऱ्यावर निरीक्षणाची ठाणी वाढवू. त्याने पूर्वीच्या कितीतरी पट अधिक ठाणी उभारली. दीपगृहांचे रखवालदार, मच्छीमार आणि किनाऱ्यावरची साधी माणसे वारा, दाब आणि ढग यांच्या नोंदी करू लागली.

इतक्या दाट नोंदी नकाशावर मांडल्यावर कधीही न दिसलेली गोष्ट दिसू लागली. वारा एका रेषेवर अकस्मात दिशा बदलत होता, तापमान एका रेषेवर एकाएकी उतरत होते आणि पाऊस त्या रेषेला धरून पट्ट्यांनी पडत होता. ब्यर्कनेसचा तरुण मुलगा जेकब आणि त्याचे सहकारी यांनी या रेषांचा अर्थ लावला. युरोपच्या रणांगणावरील आघाड्या तेव्हा सर्वांच्या तोंडी होत्या, म्हणून या सीमांनाही तेच नाव मिळाले. आधुनिक हवामानशास्त्राचा एक पाया असा घातला गेला. त्यात शास्त्रज्ञांची प्रतिभा जेवढी होती, तेवढाच दीपगृहाच्या रखवालदाराचा नित्यनेमही होता.

युरोपचे आभाळ निराळे, आपले निराळे

ब्यर्कनेसच्या आघाड्यांच्या आकृत्या आपल्या पाठ्यपुस्तकांत आल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी त्या पाठ केल्या. मात्र खिडकीबाहेर पाहिल्यावर त्या कोठेच दिसल्या नाहीत. कारण उघड आहे. थंड ध्रुवीय हवा आणि उबदार उष्णकटिबंधीय हवा यांचा सामना समशीतोष्ण कटिबंधात होतो. उष्णकटिबंधात वायुराशींच्या तापमानांत तेवढी तफावत नसते. आपल्याकडे भेद असतो तो मुख्यतः ओलाव्याचा आणि वाऱ्याच्या दिशेचा. तत्त्व तेच, आविष्कार निराळा. परक्या आकृत्या घोकणे म्हणजे विज्ञान नव्हे, आणि परक्या म्हणून त्या नाकारणे म्हणजे स्वाभिमान नव्हे. तत्त्व समजून घेऊन आपल्या आभाळाची भाषा आपण वाचणे, याचे नाव स्वबोध. ही भाषा महाराष्ट्राच्या आभाळात तीन ठिकाणी ठळक वाचता येते.

पहिले ठिकाण गारपिटीचे. हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारे पश्चिमी विक्षोभ पंजाब-काश्मीरला पाऊस व हिम देतात. कधी त्यांच्यामागची थंड, कोरडी हवा उंचावरून दक्षिणेकडे मध्य भारतापर्यंत उतरते. त्याच वेळी खालच्या थरात बंगालच्या उपसागराचे अथवा अरबी समुद्राचे दमट वारे महाराष्ट्रावर पोहोचले, तर वर थंड-शुष्क आणि खाली उबदार-दमट अशी उतरंड रचली जाते. ती टिकत नाही. खालची हवा उसळी मारते, थेंब गोठणपातळीच्या वर नेऊन गोठविते, पुन्हा पुन्हा झेलते आणि अखेर गारांचा मारा सुरू होतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उत्तर महाराष्ट्राने हे भोगले. काढणीला आलेला गहू, हरभरा, ज्वारी, द्राक्षे आणि डाळिंबे डोळ्यांदेखत मातीमोल झाली. युरोपीय आघाडीचे सर्वांत जवळचे भावंड आपल्याकडे हेच.

दुसरे ठिकाण वळवाचे. एप्रिल-मेच्या दुपारी तापलेल्या भूमीवर ढग उभा राहतो. त्याच्यातून पडणारा पाऊस वाटेतल्या कोरड्या हवेत काहीसा विरतो, विरताना हवेची उष्णता शोषून घेतो आणि ती हवा एकाएकी थंड व जड होऊन खाली कोसळते. जमिनीवर आदळून ती चहूकडे फाकते. पावसाच्या आधी येणारा तो गार झोत आणि धुळीची उठलेली भिंत म्हणजे एक छोटी शीत आघाडीच होय. १३ मे २०२४ च्या दुपारी मुंबई परिसरावर अशीच धुळीची भिंत चालून आली आणि खाडीपलीकडच्या घाटकोपरला एक महाकाय जाहिरात फलक पेट्रोलपंपावर कोसळून १७ जणांचे प्राण गेले. पहिला गार झोत अंगावर आला की निवारा शोधायला काही मिनिटेच हाती असतात. झाड, फलक आणि पत्र्याची शेड यांच्याखाली तो निवारा नसतो, हे मुलांना घराघरांतून सांगितले गेले पाहिजे.

तिसरे ठिकाण नैर्ऋत्य मोसमी पावसाचे. येथे युरोपसारखी आघाडी नाही, पण वाऱ्यांचे मीलन आहे. जुलै २००५ च्या त्या आठवड्यात बंगालच्या उपसागरावरील कमी दाबाचे क्षेत्र मध्य भारताकडे सरकले होते. त्याच्या ओढीने अरबी समुद्रावरचे पश्चिमी वारे बळावले. किनाऱ्याला समांतर कमी दाबाचा पट्टा होता. बाष्पाचा अखंड लोट किनाऱ्यावर येऊन थबकत होता आणि डोंगरांना अडून वर चढत होता. साष्टीच्या टेकड्या, पारसिक आणि मागे सह्याद्री ही त्याची चढण. त्या दुपारी उपनगरांवर पंधराएक किलोमीटर उंचीचे ढग उभे राहिले आणि जागच्या जागी पुन्हा पुन्हा जन्म घेत राहिले. पाऊस जोराचा पडेल असे सांगितले गेले होते. तो एवढा पडेल आणि नेमका येथेच पडेल, हे सांगण्याची साधने तेव्हा नव्हती. ढगाच्या अंतरंगातील वारे टिपणारे डॉप्लर रडार त्या दिवशी मुंबईत नव्हते.

भूमीची बाजू

तथापि सारा दोष आभाळावर टाकून मोकळे होता येणार नाही. मुंबईच्या जुन्या पर्जन्य-वाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या हिशेबाने बांधल्या होत्या, आणि तोही ओहोटीच्या वेळी. २६ जुलैला भर पावसात समुद्राला भरती होती. खाडी स्वतःच भरलेली असताना नाले रिकामे कोठे होणार?

येथे आपल्या कोकणच्या माणसाचे एक जुने शहाणपण आठवावे. तिथीची पाऊणपट करावी, ती पूर्ण भरतीची वेळ, असा ठोकताळा दर्यावर्दी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. पौर्णिमा वा अमावास्या म्हणजे पंधरा. तिची पाऊणपट सव्वाअकरा. २००५ साली गुरुपौर्णिमा २१ जुलैला होती, म्हणजे २६ तारखेला तिला पाच दिवस लोटले होते. पाच-सहा तिथींची पाऊणपट केली तर भरतीची वेळ पावणेचार ते साडेचार येते. प्रत्यक्षातही साडेचार मीटरच्या जवळपासची ती भरती दुपारी चारच्या सुमारासच आली. ज्या घटकेला आभाळ सर्वांत मुक्तहस्त होते, त्याच घटकेला खाडीचे दार बंद होते! हे गणित करायला संगणक लागत नव्हता. कॅलेंडर घरोघरी भिंतीवर टांगलेले होते. पण कॅलेंडर आणि पाऊस यांचा मेळ घालून पाहण्याची सवय मात्र उरली नव्हती.

नवी मुंबईची उभारणी करताना सिडकोने भरतीचे पाणी अडविणारे आणि पावसाचे पाणी तात्पुरते साठविणारे धारण तलाव योजले, कारण येथील पुष्कळशी भूमी भरतीच्या पातळीहून खाली आहे. ही दूरदृष्टी मोलाची होती. परंतु तलाव गाळाने भरू दिला, नाल्यात प्लॅस्टिक लोटले, खारफुटी तोडून भराव टाकला आणि डोंगरउतार पोखरला, तर कोणतीही योजना किती काळ तग धरील? उताराचे संकट काही दूरचे नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री आपल्या शेजारच्या रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला आणि ऐंशीहून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली. पाऊस दिवसेंदिवस पडत राहिला की माती पाणी पिऊन जड होते, तिची खडकावरची पकड सुटते. पारसिकच्या कुशीत राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने हे लक्षात ठेवावे.

त्यात आता हवेची तापवाढ आली आहे. हवा एक अंशाने तापली की सुमारे सात टक्के अधिक बाष्प धारण करू शकते. म्हणजे भट्टीला इंधन वाढले. २०२५ साली मोसमी पाऊस मुंबईत २६ मे रोजी, नेहमीच्या ११ जूनच्या कितीतरी आधी, दाखल झाला आणि नालेसफाईची वेळापत्रके कागदावरच राहिली. आभाळ वेळापत्रक पाळीत नाही. आपण सदैव सिद्ध असणे एवढेच आपल्या हाती आहे.

मोजणारी परंपरा

आपल्या पूर्वजांना हे विज्ञान ठाऊक होते, असे म्हणून टाळ्या घेणे सोपे असते. त्याहून अवघड आणि अधिक प्रामाणिक गोष्ट म्हणजे त्यांनी नेमके काय केले ते पाहणे आणि तसे वागणे. कौटिल्याने अर्थशास्त्रात कोठाराच्या अधिकाऱ्याला आज्ञा केली आहे की, पाऊस मोजण्यासाठी हातभर रुंद तोंडाचे कुंड कोठारात ठेवावे. अश्मक, अवंती अशा प्रदेशांत किती द्रोण पाऊस पडतो, याची मापे त्याने दिली आहेत. अपरांताचा, म्हणजे आपल्या कोकणाचा, पाऊस मात्र त्याने 'अमित' म्हटला आहे. अमित म्हणजे ज्याला माप नाही असा. ज्या राष्ट्रचिंतकाने पर्जन्यमापकाचा आग्रह धरला, त्याचे आपण वारस आहोत. मग पंचांगातील नक्षत्राचे वाहन बेडूक की गाढव एवढेच पाहून पावसाचा निकाल लावणे त्या वारशाला शोभते काय? परंपरेचा अभिमान असेल, तर आधी कुंड मांडले पाहिजे.

ही परंपरा पुण्याने पुढे चालविली. १९२८ साली हवामान खात्याचे कार्यालय शिमल्याहून पुण्यास आले. पुणेकर त्या दगडी वास्तूला आजही 'शिमला ऑफिस' म्हणतात. १९४८ नंतर याच खात्यात अण्णा मणी या विदुषीने परदेशी उपकरणांवरचे अवलंबन तोडण्याचा ध्यास घेतला आणि शंभरच्या आसपास हवामान-उपकरणांची प्रमाणित आरेखने सिद्ध केली. घोषणा न देता आचरलेली ही स्वदेशी होती. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने विजेची पूर्वसूचना देणारे 'दामिनी' हे ॲप मोबाइलवर आणून दिले आहे. मुंबईला डॉप्लर रडार लाभले, २०२२ मध्ये वेरावली येथे दुसरेही कार्यरत झाले. साधने आली आहेत. आता उणीव आहे ती साधन आणि वस्ती यांच्यामध्ये उभ्या राहणाऱ्या माणसाची.

आधी पोहोचणारी सेवा

नोव्हेंबर १९७७ मध्ये आंध्रच्या दिवीसीमा भागात चक्रीवादळाने हाहाकार माजविला, तेव्हा कुजलेले मृतदेह उचलण्यासाठी स्वयंसेवक पुढे झाले. ती सेवा वंदनीय होती. पण आणखी एक उदाहरण डोळ्यांपुढे ठेवू. ऑक्टोबर १९९९ मध्ये ओडिशात महाचक्रीवादळाने सुमारे दहा हजार माणसे गिळली. त्याच ओडिशात ऑक्टोबर २०१३ मध्ये 'फायलिन' आले, तेव्हा लाखो लोक आधीच सुरक्षित स्थळी हलविले गेले होते आणि मृतांची संख्या काही डझनांवर थांबली. वादळ तसेच भयंकर होते. बदलला होता तो पूर्वसूचनेवर विश्वास ठेवणारा आणि दारोदार जाऊन तो निर्माण करणारा समाज. मृतदेह उचलावे लागू नयेत ही सेवा अधिक श्रेष्ठ, मग तिचे छायाचित्र कोठे छापून येवो न येवो.

रबाळ्यासारख्या वस्तीत ही सेवा कशी दिसेल? पहिली गोष्ट, मोजणे. प्रत्येक शाळेच्या गच्चीवर, प्रत्येक वस्तीत एक पर्जन्यमापक असावा आणि रोज सकाळी साडेआठला एका विद्यार्थ्याने वहीत नोंद करावी. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर गेला तर 'जोरदार', ११५.५ च्या वर 'अति जोरदार' आणि २०४.४ च्या वर 'अत्यंत जोरदार' अशी हवामान खात्याची वर्गवारी आहे. तासाभरात १०० मिलिमीटर म्हणजे ढगफुटी. सांताक्रूझ आणि कुलाबा यांच्यात एका दिवसात किती अंतर पडले ते आपण पाहिले. मग दुसऱ्या कोणाच्या आकड्यावर आपल्या वस्तीने विसंबून कसे राहावे?

दुसरी गोष्ट, नकाशा. डोंगरातून उतरणारे नाले कोणते, ते कोठे अरुंद झाले आहेत, उताराला कोणाचे घर आहे, कोणत्या घरात एकटी वृद्धा, अंथरुणाला खिळलेला रुग्ण किंवा बाळंतीण आहे, हे वस्तीप्रमुखाला पाठ असावे. तिसरी गोष्ट, मेळ. पिवळा, नारिंगी, लाल या इशाऱ्यांचा अर्थ आणि त्या दिवशीच्या भरतीची वेळ यांचा एकत्र विचार करून फलकावर दोन ओळी लिहाव्यात. लाल इशारा आणि भरती एकाच वेळी असेल, तर सखल भागातील चूल-बिछाना आदल्या रात्रीच उंचावर न्यावा. चौथी गोष्ट, खूण ओळखणे. उतारावर नवी भेग पडली, झाड वा विजेचा खांब कलला, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, तर पंचनाम्याची वाट न पाहता माणसे हलवावीत. आणि पाचवी गोष्ट म्हणजे शिस्त. नाला आपला आहे, खारफुटी आपली आहे, ही भावना वर्षभर जागती ठेवावी. नारळी पौर्णिमेला सागराची पूजा करणारा समाज त्याच सागराच्या तोंडात कचरा लोटीत असेल, तर ती पूजा पोहोचते कोठे?

यांपैकी कोणत्याही गोष्टीला मोठा निधी लागत नाही. त्यांना लागतो नित्यनेम, आणि नित्यनेम हा तर कार्यकर्त्याचा पहिला संस्कार. वर्षातील तीनशे दिवस ती वही कंटाळवाणी वाटेल. शून्य, शून्य, शून्य अशाच नोंदी होतील. तरीही त्या व्हाव्यात. नॉर्वेच्या किनाऱ्यावरील रखवालदाराला आपल्या नोंदीतून जगाला नवे शास्त्र मिळणार आहे, हे कोठे ठाऊक होते? तो रोजचे काम रोज करीत राहिला, एवढेच.

दोन वायुराशी भेटणारच. दमट वारा डोंगरावर चढणारच, आणि एखाद्या जुलैच्या दुपारी आभाळ पुन्हा 'अमित' होणारच. ते थांबविणे मनुष्याच्या हाती नाही. परंतु डोंगर आणि खाडी यांच्यामधल्या या पट्टीत त्या दिवशी किती घरांतली माणसे आधीच उंचावर, कोरड्यात आणि सुखरूप बसलेली असतील, हे मात्र येथे बसलेल्यांच्या हाती आहे. या पावसाळ्यात पहिले पर्जन्यमापक कोणाच्या गच्चीवर लागणार आणि पहिली वही कोणाच्या हाती जाणार, एवढे ठरवूनच आज येथून उठावे.

भारत माता की जय!